तारेचे माप

खुलताबाद हे गाव डोंगरमाथ्यावर वसलेले आहे. एका अंगाला दौलताबादचा किल्ला, दुसऱ्या अंगाला घाट उतरताच वेरूळची लेणी, आणि मध्ये हे जुने, घुमटांचे गाव. त्या घुमटांपैकी एकाखाली मलिक अंबर चिरनिद्रा घेत आहे. निजामशाहीचा हा कर्तबगार वजीर 1626 साली वारला. त्याने वसविलेल्या खडकी शहराला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराला, पाणी मिळावे म्हणून त्याने जमिनीखालून नहर बांधून काढली होती. पुढे अठराव्या शतकात त्याच शहरात पाणचक्की उभी राहिली. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून तेथवर आणले होते. ते उंचावरून खाली पडे आणि त्याच्या जोराने जाते फिरे. त्या जात्यावर यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी धान्य दळले जाई.

नळ बांधणाऱ्या त्या कारागिरांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. पाणी जितक्या उंचीवरून येईल तितका त्याला जोर अधिक. नळ जितका अरुंद व लांब, तितकी त्याच्या वाटेत अडवणूक अधिक. उंची आणि अडवणूक या दोहोंवरून पाण्याची धार ठरते. आणि जात्यापाशी येणारी धार किती मोठी व ती किती उंचावरून पडते, या दोहोंवरून जात्याचे काम ठरते.

आज खुलताबादच्या आसपासच्या शेतांतून विजेचे खांब उभे आहेत. खांबांवरून तारा विहिरीपर्यंत गेलेल्या आहेत. गावाजवळच्या विहिरीवरचा पंप जोमाने पाणी उपसतो. दूरच्या, शेवटच्या खांबावरचा पंप पुष्कळदा कण्हत कण्हत चालतो. वीज तीच, पंपही तसाच. मग हा फरक का? त्याचे उत्तर तारेत आहे. तारही विजेला अडविते. ती किती अडविते हे मोजून सांगणारा पहिला नियम जर्मनीतील एका शाळाशिक्षकाने शोधून काढला, आणि त्यापायी त्याला आपली नोकरीही सोडावी लागली. त्याचे नाव जॉर्ज सायमन ओहम.

जॉर्जचा जन्म 16 मार्च 1789 रोजी दक्षिण जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. त्याचे वडील कुलुपे घडविण्याचा धंदा करीत. आई एका शिंप्याची मुलगी. त्यांना सात मुले झाली. परंतु त्यांतली तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असतानाच आईचे छत्र हरपले. घरात जॉर्ज, धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. या मुलांचा सारा भार वडिलांवर पडला.

हे वडील मोठे विलक्षण गृहस्थ होते. शाळा त्यांना फारशी लाभली नव्हती. परंतु दिवसभर हातोडा व कानस चालवून झाल्यावर ते पुस्तके घेऊन बसत. अशा रीतीने ते स्वतःच्या बळावर गणित व विज्ञान शिकले, आणि जे शिकले ते त्यांनी मुलांना शिकविले. गावच्या शाळेत पाठांतरच फार चाले. मुलांचे खरे शिक्षण घरी झाले. जॉर्ज पंधरा वर्षांचा असताना लांग्सडोर्फ नावाच्या प्राध्यापकांनी त्याची गणितात कसून परीक्षा घेतली आणि ते थक्क झाले. कुलुपे करणाऱ्याच्या घरातून थोर गणिती निपजतील असे त्यांचे मत पडले. धाकटा मार्टिनही पुढे गणिती म्हणून नावाजला. घरातल्या त्या कामशाळेतून जॉर्जला आणखीही एक विद्या मिळाली होती, ती हातांची. धातू कसा तापवावा, तार कशी ओढावी, सांधा कसा जुळवावा, हे त्याने वडिलांपाशी पाहिले. त्या विद्येचे मोल त्याला पुढे वीस वर्षांनी कळावयाचे होते.

1805 साली जॉर्ज एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. वडिलांच्या कडक नजरेखालून सुटलेला सोळा वर्षांचा मुलगा! नाच, बर्फावरील घसरपट्टीचे खेळ आणि बिलियर्ड यांत त्याचे दिवस जाऊ लागले. अभ्यास मागे पडला. वडिलांना हे समजले तेव्हा त्यांना संताप अनावर झाला. ज्या शिक्षणासाठी आपण आयुष्यभर तळमळलो ते मुलाने असे उधळावे, हे त्यांना सहन होईना. जॉर्जला विद्यापीठ सोडावे लागले, आणि 1806 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवावयास गेला.

परक्या देशात त्याचे डोळे उघडले. लांग्सडोर्फ यांच्या सल्ल्यावरून त्याने ऑयलर, लाप्लास अशा थोर गणितज्ञांचे ग्रंथ मिळविले व एकट्यानेच त्यांचा अभ्यास केला. पाच वर्षांनी तो गावी परतला आणि 1811 साली त्याच एर्लांगेन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी त्याने संपादन केली.

पदवी मिळाली, पण पोट भरण्याइतका पगार देणारी जागा काही मिळेना. काही महिने विद्यापीठात शिकवून झाल्यावर ओहम यांनी बांबेर्ग येथील एका सामान्य शाळेत नोकरी पत्करली. 1816 साली ती शाळाच बंद झाली. मग दुसऱ्या एका गर्दीच्या शाळेत त्यांची रवानगी झाली. तेथे त्यांना मुळीच समाधान नव्हते. तरीही त्यांनी रिकाम्या वेळात भूमितीवर एक पुस्तक लिहिले आणि ते प्रशियाच्या राजाकडे पाठविले. हा प्रयत्न फळास आला. 1817 साली त्यांना कोलोन शहरातील एका नामांकित विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा मिळाली. तेथे उत्तम प्रयोगशाळा होती. वय अठ्ठावीस, हाती उपकरणे, आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळचा मोकळा वेळ. ओहम यांना आणखी काही नको होते.

त्या काळी वीज हा नवलाईचा विषय होता. 1800 साली इटलीतील व्होल्टा यांनी पहिला विद्युत्घट तयार केला होता. 1820 साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांना असे आढळले की तारेतून वीज वाहू लागली म्हणजे शेजारची चुंबकसूची हलते. म्हणजे वीज वाहते आहे की नाही, हे सूचीवरून कळू लागले. परंतु किती वाहते? लांब तारेतून कमी आणि आखूड तारेतून अधिक, इतके सर्वांनाच दिसत होते. पण किती कमी आणि किती अधिक, याचा नियम कोणालाच सांगता येत नव्हता. इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिश नावाच्या एकलकोंड्या शास्त्रज्ञाने पूर्वी या प्रश्नाला हात घातला होता. त्यापाशी मोजण्याचे यंत्र नव्हते, म्हणून तो स्वतःच्या शरीराला विजेचा झटका देऊन घेई आणि झटका किती जोराचा बसला त्यावरून अंदाज बांधी. त्याचा अंदाज आश्चर्य वाटावे इतका बरोबर होता. परंतु त्याने तो प्रसिद्धच केला नाही. त्याचे कागद 1879 साली उजेडात आले. ओहम यांना त्याची काहीच कल्पना नव्हती.

ओहम यांनी निरनिराळ्या लांबीच्या तारा घेतल्या, त्या एकामागून एक घटाला जोडल्या, आणि प्रत्येक वेळी सूची किती वळते ते टिपून ठेवले. 1825 साली त्यांनी आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी जो नियम मांडला होता तो चुकीचा निघाला.

चूक त्यांच्या गणितात नव्हती, घटात होती. त्या काळचे घट मोठे लहरी असत. तार जोडताच जोर भरपूर असे. क्षणातच तो ओसरे. तार सोडून ठेवली की पुन्हा थोडा वाढे. ज्याचा जोरच पळापळाला बदलतो, त्याच्या आधारावर तारेचे माप कसे घ्यावे? नळाच्या टाकीतील पाणी सारखे वरखाली होत असेल तर नळाच्या अरुंदपणाचा हिशेब लागणार नाही, तसेच हे झाले. तेव्हा पोगेनडोर्फ नावाच्या एका संपादकाने त्यांना घटाचा नाद सोडून उष्णतेपासून वीज निर्माण करण्यास सुचविले.

ही युक्ती फार सुंदर होती. दोन निरनिराळे धातू एकमेकांना जोडून एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला, तर तारेतून थोडी वीज वाहते, असे 1821 साली झेबेक यांनी दाखविले होते. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचे दोन सांधे केले. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळत आहे तोवर ते शंभर अंशांवरच राहते आणि बर्फ वितळत आहे तोवर ते शून्य अंशावरच राहते. दोहोंतील फरक बदलत नाही. म्हणून विजेचा जोरही बदलत नाही. टाकीची उंची आता कायम झाली!

मग त्यांनी एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड तार 2 इंचांची होती आणि सर्वांत लांब 130 इंचांची. तारेच्या वर सोन्याच्या बारीक पट्टीला चुंबकसूची टांगली. वीज वाहू लागली की सूची फिरे. तिला परत जागेवर आणण्यासाठी पट्टीला पीळ द्यावा लागे. तो पीळ जितका, तितका विजेचा प्रवाह. ही सारी जुळवाजुळव ओहम यांनी आपल्या हातांनी केली. कुलुपे घडविणाऱ्या बापाचा हात या ठिकाणी मुलाच्या उपयोगी पडला. 1826 च्या जानेवारीतील त्या दिवसांत त्यांनी तारांची मापे पुनःपुन्हा घेतली.

या वेळी आकडे जुळले. तारेची लांबी वाढली की प्रवाह कमी होई, आणि तो एका निश्चित प्रमाणात कमी होई. एक अडचण मात्र होती. तार दुप्पट लांब केली तरी प्रवाह बरोबर निम्मा होत नसे. निम्म्याहून थोडा अधिकच राही. ओहम यांनी विचार करून याचेही कारण शोधले. वीज केवळ समोरच्या तारेतून वाहत नाही. ती बिस्मथमधून, सांध्यांतून, सगळ्या फेऱ्यातून वाहते, आणि फेऱ्याचा प्रत्येक भाग तिला थोडा थोडा अडवितो. तार दुप्पट झाली तरी तो बाकीचा अडथळा दुप्पट झालेला नसतो. तो अडथळाही हिशेबात धरताच सर्व आकडे नियमात बसले. या अडथळ्याला आपण रोध म्हणतो. तार लांब तर रोध अधिक. तार जाड तर रोध कमी. आणि तांब्याच्या तारेपेक्षा तशाच लोखंडी तारेचा रोध पुष्कळच अधिक.

नियम असा ठरला, की विजेच्या दाबाला रोधाने भागले असता प्रवाह मिळतो. याचाच दुसरा अर्थ असा, की दाबाला प्रवाहाने भागले असता रोध कळतो. विजेरीच्या दोन घटांचा दाब 3 व्होल्ट आहे आणि तिच्या तारेच्या दिव्यातून 0.3 अँपिअर प्रवाह वाहतो, असे समजा. 3 ला 0.3 ने भागा. दिव्याचा रोध 10 ओहम आला. दिवा फोडून आतली तार मोजावी लागली नाही.

इतका सोपा नियम! पाचवी-सहावीतल्या भागाकारात बसणारा. लोकांनी त्याचे आनंदाने स्वागत केले असेल असे कोणासही वाटेल. घडले ते उलटेच.

ओहम यांनी वर्षभराची रजा घेतली. रजेत पगार निम्माच होता. ते बर्लिनला भावाकडे राहिले आणि 1827 साली त्यांनी विजेच्या फेऱ्याचे गणित सांगणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथामुळे एखाद्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेल अशी त्यांना मोठी आशा होती. परंतु प्रयोग करणाऱ्यांना त्यातले गणित डोईजड वाटले. आणि निसर्गाचे मर्म चिंतनानेच उकलते असे मानणाऱ्या पंडितांना तो सारा आकड्यांचा खटाटोप वाटला. बर्लिनमधील एका समीक्षकाने तर ग्रंथावर कडाडून टीका केली. थोडा दोष ओहम यांच्याकडेही जातो. ज्या प्रयोगांनी त्यांना नियम सापडला, ते प्रयोग त्यांनी ग्रंथात पुढे मांडले नाहीत. गणितच पुढे केले. उकळते पाणी, बर्फ आणि तांब्याच्या त्या आठ तारा वाचकांना तेथे दिसल्या असत्या, तर कदाचित त्यांचे मन वळले असते.

जागा मिळाली नाही. ओहम मानी होते. 1828 साली त्यांनी कोलोनच्या विद्यालयातील आपल्या जागेचा राजीनामा दिला. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेला हा माणूस बर्लिनमध्ये एका लष्करी शाळेत आठवड्यातून थोडे तास गणित शिकवून कसाबसा दिवस कंठू लागला. ना प्रयोगशाळा, ना कायमची नोकरी. पाच वर्षे अशी गेली. 1833 साली न्युरेम्बर्गच्या तंत्रविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली, तेव्हा कोठे त्यांची ओढाताण थांबली.

दरम्यान नियम हळूहळू देशोदेशी पोहोचत होता. जर्मनीत फेश्नर यांनी व रशियात लेंझ यांनी तो पडताळून पाहिला. मग तारायंत्राचे युग आले. तार आता प्रयोगशाळेतल्या मेजावर मावणारी राहिली नाही. ती शेकडो मैल लांब झाली. एवढ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला संदेश पोहोचावयाचा तर किती घट जोडावे, तार किती जाड घ्यावी? अंदाजाने हे काम होणे शक्य नव्हते. येथे ओहम यांचा नियम पाहिजेच होता. आपल्याकडेही 1850 नंतरच्या चार-पाच वर्षांत मुंबई, कोलकाता व मद्रास ही शहरे तारायंत्राने जोडली गेली.

1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कोप्ली पदक अर्पण केले. विज्ञानाच्या जगात त्या काळी याहून मोठा मान क्वचितच असेल. नियम सापडून पंधरा वर्षे लोटली होती, आणि मान आला तो परदेशातून.

त्याच वर्षी इंग्लंडमधील तरुण शास्त्रज्ञ जूल यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. वीज वाहत असता तार किती तापते, हे त्यांनी मोजले होते. ओहम यांच्या नियमाला जूल यांच्या मोजमापाची जोड मिळाली आणि विजेच्या कामाचाही हिशेब करता येऊ लागला. दाबाला प्रवाहाने गुणले म्हणजे विजेची शक्ती मिळते. ती वॅटमध्ये मोजतात. पाणचक्कीत पाण्याची उंची व धार या दोहोंचा गुणाकार जात्याच्या कामी येई, त्यासारखेच हे आहे. घरातील 1000 वॅटची विजेची शेगडी घ्या. आपल्याकडे घरात दाब 230 व्होल्ट असतो. 1000 ला 230 ने भागले की प्रवाह आला सुमारे 4.35 अँपिअर, आणि 230 ला 4.35 ने भागले की शेगडीच्या तारेचा रोध आला सुमारे 53 ओहम. तारेच्या 60 वॅटच्या दिव्याचा रोध याच रीतीने सुमारे 880 ओहम येतो. मात्र तो दिवा पेटलेला असतानाचा. तार थंड असताना रोध याहून पुष्कळच कमी असतो. आजच्या एलईडी दिव्यांना तर रोधाचा हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही.

आता खुलताबादच्या त्या शेवटच्या खांबाकडे वळू. खांबाखांबांवरून आलेल्या तारेचा एकंदर रोध 2 ओहम आहे आणि पंपाला 10 अँपिअर प्रवाह लागतो असे धरा. दोहोंचा गुणाकार 20. म्हणजे 230 पैकी 20 व्होल्ट दाब वाटेतच खर्च झाला. पंपाला मिळाला 210. शिवाय 20 व्होल्ट गुणिले 10 अँपिअर, म्हणजे 200 वॅट शक्ती नुसती तारा तापविण्यात गेली. तोच प्रवाह निम्मा केला तर हा तोटा निम्मा होत नाही. चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे 50 वॅटवर येतो. यासाठीच दूरच्या गावी वीज न्यावयाची तर दाब पुष्कळ वाढवून व प्रवाह कमी ठेवून ती नेतात. 1915 साली खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातील वीज घाटपायथ्यापासून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत गेली ती याच हिशेबाने.

ओहम यांना आयुष्याची एकच इच्छा होती, ती विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होण्याची. ती 1852 साली म्यूनिक येथे पूर्ण झाली. तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांनी लग्न केले नव्हते. संसार असा नव्हताच. ते पद त्यांना अवघी दोन वर्षे लाभले. 6 जुलै 1854 रोजी म्यूनिक येथे त्यांचे निधन झाले.

1881 साली पॅरिस शहरी देशोदेशींचे विद्युत्शास्त्रज्ञ एकत्र जमले. विजेची मापे जगभर एकच असावीत, असे त्यांनी ठरविले. दाबाच्या मापाला व्होल्टा यांच्यावरून व्होल्ट, प्रवाहाच्या मापाला फ्रान्समधील अँपिअर यांच्यावरून अँपिअर, आणि रोधाच्या मापाला ओहम हे नाव देण्यात आले. ग्रीक वर्णमालेतील शेवटचे अक्षर ओमेगा हे त्याचे चिन्ह आहे.

खुलताबादसारख्या गावांत मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानी हे चिन्ह पाहावयास मिळते. जळालेला पंप गाडीत घालून शेतकरी तेथे येतो. कारागीर झाकण काढतो, मोजयंत्राची दोन टोके वेटोळ्याच्या दोन टोकांना लावतो आणि आकडा वाचतो. रोध नेहमीहून फारच कमी भरला तर आतल्या तारा जळून एकमेकींना चिकटल्या. काट्याने काहीच दाखविले नाही तर तार कोठेतरी तुटली. मग तो नवी तांब्याची तार घेतो आणि वेढे मोजत वेटोळे भरावयास बसतो.